वाचलेल्या कादंबरीवर वाचकमित्रांत बोलायचं कसं: पहिल्या खुणेपासून नोंदवहीपर्यंत

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दादरला आमचा आठ-नऊ वाचकांचा गट जमतो. गेल्या महिन्यात वाचलेल्या कादंबरीबद्दल प्रत्येकाने बोलायचं, एवढंच ठरलेलं. तरीही दर वेळी तीनपैकी एक गोष्ट घडतेच. कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गोष्टच सांगत बसतं. कोणी "छान आहे, वाचाच" म्हणून थांबतं. आणि कोणी बोलण्याच्या ओघात शेवट सांगून टाकतं.

शेवट सांगून टाकणारा एकदा मी होतो. समोर बसलेल्या मावशींच्या मांडीवर तीच कादंबरी होती, पान १८०च्या आसपास खूण घातलेली. मावशी काही बोलल्या नाहीत. खूण काढली, पुस्तक पिशवीत ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते वाचनालयात परत गेलं, उरलेली पानं न वाचता. त्यांनी ते नंतर सहज सांगितलं तेव्हा मला कळलं.

तेव्हापासून मी या चुका नेमक्या कुठे सुरू होतात ते पाहत आलो आहे. बोलायच्या दिवशी त्या फक्त दिसतात, सुरुवात झालेली असते वाचतानाच. म्हणून हे टप्पे तिथूनच घेतो. क्रम मोडू नका. मधला एखादा टप्पा गाळलात की पुढच्या दोन टप्प्यांत त्याचा त्रास होतो.

टप्पा १: वाचतानाच पानं धरून ठेवा

ठाण्याहून सीएसएमटीला येताना पंचवीस-तीस पानं होतात. उतरताना एखादा प्रसंग डोक्यात घोळत असतो. संध्याकाळच्या परतीच्या गर्दीत तो पुसला जातो. महिन्याभराने सांगायला बसलं की हाताशी उरतं ते फक्त कथानक, आणि माणसं कथानक सांगतात ती त्यामुळेच. दुसरं काही त्यांनी साठवलेलंच नसतं.

सामान अगदी साधं. जुन्या लग्नपत्रिका किंवा गेल्या वर्षीचं कॅलेंडर कापून दोन बोटं रुंदीच्या दहा-बारा पट्ट्या करा आणि पुस्तकाच्या मागच्या कव्हरात ठेवा. काही वाटलं की त्या पानात पट्टी घाला. गाडीत उभं असताना लिहिता येत नाही, तेव्हा नुसती पट्टी पुरे. मात्र त्याच रात्री तिच्यावर पानाचा आकडा आणि चार शब्द लिहा. आकडा पट्टीवरच हवा, कारण पुस्तक पिशवीत उलटंसुलटं झालं की पट्ट्या गळतात आणि मग कुठली कुठली होती ते कळत नाही.

खूण कुठे ठेवायची, हा प्रश्न नवे सभासद हमखास विचारतात. नवशिके फक्त सुंदर वाक्यांवर पट्टी घालतात, आणि बोलायच्या वेळी त्यांच्याकडे सुंदर वाक्यांची माळ असते, मत नसतं. माझा अनुभव असा, की सर्वांत कामाच्या खुणा चार ठिकाणच्या असतात: जिथे तुम्ही मागे वळून परिच्छेद पुन्हा वाचला, जिथे कंटाळून दोन पानं उलटलीत, जिथे "हा माणूस असं वागणार नाही" असं मनात आलं, आणि जिथे भाषेचा पोत बदलला, म्हणजे निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद एकदम मालवणीत किंवा आगरीत. कंटाळ्याची खूण ठेवायला माणसं लाजतात. ती जरूर ठेवा. पुढे ती सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

पुस्तक निम्मं झालं की एक वेगळी पट्टी घ्या आणि पुढे काय होईल असं वाटतं ते दोन ओळींत लिहा. शेवटी लेखकाने तुम्हाला चकवलं असेल, तर ते न्यायाने चकवलं की नुसतं लपवून, हे ठरवायला ही पट्टी लागते. शेवट कळल्यावर प्रत्येकाला "मला आधीच वाटलं होतं" असं वाटतं, त्या आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

आवृत्तीही टिपून ठेवा. वाचनालयातली जुनी प्रत आणि दुकानातली नवी आवृत्ती यांचे पानांचे आकडे जुळत नाहीत. तुम्ही पान ९२ म्हणता आणि समोरचा भलतंच पान उघडतो. म्हणून आकड्याच्या शेजारी प्रकरणही लिहा. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं सरकतात, तिथे प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द टिपा. ऐकण्याचं पुस्तक असेल तर प्रकरण आणि मिनिट.

सावधान: वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल नको, कोपरा दुमडणं नको, चिकटणारी कागदाची खूणही नको. जुना कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, चिकटवलेली खूण काढताना अक्षरासकट पापुद्रा निघतो.

तपासा: पुस्तक संपलं तेव्हा पाच तरी पट्ट्या आहेत ना? सलग शंभर पानांत एकही नसेल, तर तिथे तुम्ही वाचत होता की नुसती पानं उलटत होता, हे स्वतःला विचारा.

टप्पा २: दोन दिवस थांबा, मग अर्धं पान लिहा

पुस्तक मिटल्या मिटल्या फोन उचलून मत कळवायची घाई अनेकांना असते. ती टाळा. त्या क्षणी शेवटच्या वीस पानांचाच अंमल असतो. शेवट जोरदार असेल तर मधली दीडशे लांबलेली पानं माफ होतात, आणि शेवट फसला असेल तर आधीचं सगळं चांगलं वाहून जातं. दोन दिवसांनी दोन्ही जागेवर येतात.

या दोन दिवसांत मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना आणि दुसऱ्याचं परीक्षण वाचू नका. आपल्याकडच्या अनेक प्रस्तावना कादंबरीचा शेवट बिनदिक्कत सांगतात, त्यामुळे मी त्या कायम शेवटीच वाचतो. शिवाय परीक्षण वाचलं की त्यातला एखादा भारदस्त शब्द जिभेवर बसतो. "अस्तित्ववादी" हा शब्द आमच्या गटात एका वर्षी इतका फिरला, की त्याचा अर्थ काय असं एका मुलीने विचारल्यावर कोणालाच धड सांगता येईना.

मग पट्ट्या क्रमाने लावा आणि वहीचं अर्धं पान लिहा. त्यात तीनच गोष्टी असू द्या. ही कादंबरी कोणाबद्दल आणि कुठे घडते, हे दोन वाक्यांत. वाचताना मला नेमकं काय झालं. आणि ते कुठल्या पानामुळे झालं. अर्ध्या पानाच्या पुढे गेलात की तुम्ही पुन्हा गोष्ट सांगायला लागला आहात असं समजा.

टप्पा ३: मताला पान जोडा

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. "आवडली", "भावली", "संथ आहे", "पटली नाही" हे शब्द खोटे नसतात, पण ऐकणाऱ्याला त्यांचं काही करता येत नाही. तुमचं संथ त्याला निवांत वाटू शकतं. त्याला पान दिलंत तर तो स्वतः ठरवू शकतो.

आमच्यातल्या एका काकांनी गिरणगावावरची एक जाडजूड कादंबरी वाचली होती. पहिलं मत: "कंटाळवाणी आहे." मी म्हटलं, काका, पट्ट्या बघूया. त्यांच्या कंटाळ्याच्या तीन पट्ट्या निघाल्या, तिन्ही संपाच्या सभांच्या प्रकरणांतल्या. मग विचारलं, सभा कंटाळवाण्या का वाटल्या? त्यांनी पान उघडलं, वाचलं, थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इथे भाषण करणारा सगळं बोलतो, पण ऐकणाऱ्यांत आपल्या ओळखीचं कोणीच नाही. चाळीतली जी माणसं मला आवडली होती ती सभेला गेलीच नाहीत." आता हे मत झालं. कादंबरी वाचलेला दुसरा माणूस यावर बोलू शकतो, न वाचलेला ते लक्षात ठेवून वाचू शकतो.

म्हणजे करायचं इतकंच. आपल्या शब्दाला "कुठे?" विचारा आणि पान उघडा. पानावर काय आहे ते साध्या भाषेत म्हणा. मग "आणि मला काय हवं होतं?" विचारा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना पुष्कळदा आपणच चुकीचं काहीतरी मागत होतो हे लक्षात येतं. कौटुंबिक कादंबरीत रहस्यकथेचा वेग शोधणं, किंवा एका माणसाच्या मनात चालणाऱ्या कादंबरीत घडामोडींची वाट पाहणं, या अशाच मागण्या आहेत. तसं आढळलं तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही.

निवेदक कोण आहे, हे या टप्प्यावर एकदा तपासून घ्याच. शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या 'मृत्युंजय'मध्ये नऊ भागांत सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. यातला दुर्योधनाचा भाग वाचून "लेखकाला पांडवांबद्दल आकस आहे" असं कोणी म्हणालं, तर बोलतोय कोण हेच त्याने पाहिलेलं नाही. पात्राचं मत लेखकाच्या गळ्यात घालणं ही आमच्याकडची फार जुनी चूक, आणि तिच्यावरून सर्वांत कडू वाद झालेले आहेत.

अनुवादित कादंबरीत आणखी एक सावधगिरी हवी. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी उमा कुलकर्णींच्या मराठीतून वाचल्या. त्यातल्या रचनेबद्दल, पात्रांबद्दल बोलताना भैरप्पांचं नाव घ्या. पण "काय भाषा आहे!" म्हणायचं असेल तेव्हा त्या मराठी वाक्यामागे अनुवादिकेचा हात आहे, तिचं नाव घ्या. हे वारंवार राहून जातं.

तपासा: तुमचं मत तुम्ही न वाचलेल्या दुसऱ्या कादंबरीलाही जसंच्या तसं लागू होतंय का? "मानवी नात्यांचा हृद्य वेध" कुठल्याही कादंबरीला चालतो. तसं असेल तर पुन्हा पट्ट्यांकडे जा.

टप्पा ४: किती सांगायचं ते घरीच ठरवा

आयत्या वेळी आवरता येईल असं वाटतं, पण आवरता येत नाही. बोलायला सुरुवात झाली, समोरची माणसं रंगली, की जीभ पुढे धावते. मावशींच्या बाबतीत माझं तेच झालं.

आम्ही आता साधा नियम पाळतो: पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात जे घडतं ते मोकळेपणाने सांगायचं, त्यापुढचं प्रसंग म्हणून सांगायचं नाही. तीनशे पानांची कादंबरी असेल तर पंचाहत्तराव्या पानापर्यंत. पुढचा एखादा प्रसंग मतासाठी लागतोच, तर त्यातली घटना काढून टाका. "धाकटा भाऊ घर सोडून जातो तेव्हा आईचं वागणं पटत नाही" याऐवजी "उत्तरार्धात आईच्या वागण्याला एक वळण आहे, ते मला पटलं नाही, वाचलेल्यांशी मी चहाच्या वेळी बोलेन" असं म्हणा.

पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. कर्ण मरतो, यात लपवण्यासारखं काही नाही. तिथे राखून ठेवायची ती लेखकाची युक्ती: तो प्रसंग कोणाच्या तोंडून येतो, कुठल्या क्षणी येतो. म्हणून 'मृत्युंजय'चा शेवटचा भाग कोण सांगतं ते मी इथेही लिहीत नाही.

कादंबऱ्यांची मालिका असेल तर घोळ वाढतो, कारण गटातलं प्रत्येक जण वेगळ्या भागावर असतं. भालचंद्र नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय घ्या. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' असा क्रम; एकच चांगदेव पाटील चारही भागांत. कोणी 'बिढार' नुकती संपवलेली असते, कोणी 'झूल'पर्यंत पोचलेलं असतं. इथे बोलण्याआधी एकच प्रश्न: "कोण कुठवर आलंय?" सगळ्यांत मागे असलेल्या वाचकाची जागा ही त्या दिवसाची हद्द. पुढे गेलेल्यांनी हद्दीच्या आतच बोलायचं. "थांबा, पुढे बघा काय होतं" असं म्हणणंही सांगण्यातच जमा आहे, चेहऱ्यावरून निम्मं कळतं.

मालिकेसाठी आणखी तीन गोष्टी घरून करून या. प्रत्येक भागाचं अर्धं पान वेगळं लिहा, नाहीतर चौथ्या भागानंतर पहिल्याबद्दलचं मूळ मत आठवत नाही. पात्रांची नावं आणि नाती एका कागदावर ठेवा; सांगताना "तो आपला, त्या बाईंचा भाचा" असं होऊ लागलं की ऐकणारे गळतात. आणि मालिका पूर्ण आहे की नाही ते तपासा. २०१० साली आलेली नेमाड्यांची 'हिंदू' ही चार भागांतला पहिला भाग म्हणून जाहीर झालेली कादंबरी आहे. ते ठाऊक नसताना "बरंच अर्धवट सोडलंय" असा ठपका ठेवला, तर तो पहिल्या भागाकडून चारही भागांचा हिशेब मागण्यासारखा होतो.

सावधान: "हे तर सगळ्यांनीच वाचलं असेल" असं धरून चालू नका. गाजलेली कादंबरी घरी असते, शाळेत धड्यात भेटलेली असते, पण पूर्ण वाचलेली असतेच असं नाही. आणि न वाचलेला माणूस चारचौघांत तसं कबूल करत नाही, गप्प बसून शेवट ऐकून घेतो.

टप्पा ५: दिवस, जागा, माणसं

रविवार ठरवताना मेगाब्लॉक पाहा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा वळवलेल्या असतात ती वेळ. मध्य आणि हार्बरवर तो साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत चालतो. डोंबिवली-कल्याणकडची आणि पनवेलकडची माणसं अकराच्या बैठकीला घामाघूम होऊन बाराला पोचतात. नऊला सुरू करा किंवा संध्याकाळी पाचला.

माणसं आठपर्यंत. हिशेब सरळ आहे: प्रत्येकी सात मिनिटं बोलणं म्हणजे ५६ मिनिटं, प्रत्येकी आठ मिनिटं चर्चा म्हणजे ६४, एकूण दोन तास. बारा जण झाले की तीन तास लागतात आणि शेवटच्या चौघांचं कोणी ऐकत नाही. संख्या वाढली तर दोन गट करा.

जागा शांत हवी, कारण उतारा वाचायचा आहे. शिवाजी पार्कचा कट्टा हिवाळ्यात सकाळी छान, एरवी क्रिकेट आणि भेळवाले. उपाहारगृहात दर दहा मिनिटांनी वेटर "और कुछ?" विचारतो. सोसायटीचं तळमजल्यावरचं कार्यालय सर्वांत बरं. सचिवांना आधी विचारा आणि खुर्च्या गोल मांडा. रांगेत मांडल्या की भाषण सुरू होतं.

टप्पा ६: सात मिनिटं

क्रम ठरलेला ठेवा. आधी पुस्तकाची ओळख: नाव, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, साल, पानं, प्रत कुठून मिळवली. मग दोन-तीन वाक्यांत कुठे आणि कोणाबद्दल. मग मत, पानासह. मग अर्धं पान उतारा, मोठ्याने. शेवटी एक शंका, जिचं उत्तर तुम्हाला खरोखर हवं आहे. मताच्या आधी उतारा वाचू नका. कशासाठी ऐकतोय हे माहीत नसलं की कान भरकटतात.

एक नमुना देतो, मी मागे केलेलाच.

"व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. छोटी आहे, चार बैठकींत होते. माझी प्रत वाचनालयाची. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथल्या शाळेवर नेमणूक झालेला तरुण मास्तर राजाराम सौंदणीकर, आणि सगळं त्याच्याच तोंडून. मला सर्वांत भावलं ते असं: मास्तर वाडीला शिकवायला येतो, पण लवकरच वाडीच त्याला शिकवायला लागते, आणि हे तो कुठेही बोलून दाखवत नाही. कारभारी त्याच्याशी पहिल्यांदा बोलतो ते पान काढा. मास्तर तिथे आपल्या मनातलं किती कमी सांगतो ते पाहा. खटकलं एक: वाडीतल्या बायकांचं बोलणं मास्तरच्या कानावर पडतं तेवढंच आपल्यापर्यंत येतं, त्यांच्या घरात आपल्याला शिरता येत नाही. आता उतारा वाचतो. आणि माझी शंका अशी, की निवेदक मास्तरऐवजी वाडीतलाच कोणी असता तर हे पुस्तक जमलं असतं का?"

यात गोष्ट जवळजवळ नाही. तरी त्या दिवशी तिघांनी नावं लिहून घेतली.

उतारा घरी दोनदा मोठ्याने वाचून या. डोळ्यांनी सोपं वाटणारं लांब वाक्य तोंडात अडकतं, आणि संवाद वाचताना कोण बोलतंय ते आवाजातून कळायला हवं. घड्याळ समोर ठेवा. सातव्या मिनिटाला कोणी थांबवलं तर वाक्य पूर्ण करून थांबा.

सावधान: लेखकाचं चरित्र, पुरस्कार, त्याच्याशी झालेली तुमची भेट, यांत पहिली चार मिनिटं जाऊ देऊ नका. ही सवय ज्येष्ठांना जास्त असते आणि त्यांना थांबवणं तरुणांना जड जातं. म्हणून घड्याळाचं काम एखाद्या काकूंकडेच द्या.

टप्पा ७: ऐकणं, आणि न पटणं

दुसरा बोलत असताना आपल्या पट्ट्या चाळत बसू नका. त्याच्या मताशेजारी पान लिहून घ्या. न पटलं तर आधी तेच पान उघडायला सांगा: "काका, तुम्ही म्हणताय ते मला दिसलं नाही, पान काढता का?" मग वाद दोन माणसांत राहत नाही, दोघंही एका परिच्छेदावर वाकतात. "तुम्हाला कळलंच नाही" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. वयाने लहान असलेल्यांनी अहो-जाहो ठेवूनच खोडावं, आणि मोठ्यांनी "तू अजून काय वाचलंयस" हे काढू नये.

कधी कधी पान उघडूनही भागत नाही, ऐकावं लागतं. गेल्या वर्षी एका मुलाने कोकणातल्या एका कादंबरीबद्दल सांगितलं: "संवाद तुटक आहेत, भावना पोचत नाहीत." पान दिलं होतं, तयारी चोख होती. दोघातिघांनी मान डोलावली. कोपऱ्यात बसलेल्या वेंगुर्ल्याच्या मावशी म्हणाल्या, "जरा मी वाचू?" त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि तेच अर्धं पान मालवणी हेल काढून वाचलं. जिथे त्या मुलाने वाक्य तोडलं होतं तिथे त्या लांबवत होत्या, आणि "गो" आणि "रे" इतके वेगवेगळे लागले की एका ठिकाणी रागावणं आणि दुसऱ्या ठिकाणी समजूत काढणं स्वच्छ ऐकू आलं. खोलीत कोणी काही बोललं नाही. त्या मुलाने पट्टीवरचं खोडून नवं लिहिलं. तेव्हापासून बोलीतले संवाद असतील तर ती बोली बोलणाऱ्या माणसाकडून आधी वाचून घ्यायचे, हे आमच्याकडे पक्कं झालं. मुंबईत ते माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही, बहुधा त्याच मजल्यावर असतं.

चर्चा लेखकाच्या जातीवर किंवा राजकारणावर घसरली, तर चालवणाऱ्याने लगेच विचारावं, "हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" पान निघालं तर खुशाल बोला. नाही निघालं तर विषय चहापर्यंत थांबवा.

मत बदललं तर तिथेच सांगा. आणि चर्चेनंतरही बदललं नसेल, तर तेही तितक्याच साधेपणाने सांगा. सगळ्यांचं एकमत करण्यासाठी आपण जमत नाही.

तपासा: घरी जाताना दुसऱ्याचं एक तरी मत, पानासकट, तुमच्या वहीत आहे का?

टप्पा ८: नोंद आणि पुस्तकाची रवानगी

एक जाड वही गटाची ठेवा. तारीख, पुस्तक, कोणी मांडलं, मत दोन ओळींत, कोणाला वाचायचं आहे. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण पुस्तक त्याच क्रमाने हातोहात जातं. स्वतःची प्रत असेल तर पहिल्या कोऱ्या पानावर नाव घालून द्या. वाचनालयाची प्रत मात्र परस्पर दुसऱ्याला देऊ नका, दंड आणि हरवण्याची जबाबदारी तुमच्या कार्डावर येते. आधी परत करा आणि इच्छुकाला त्याच दिवशी काउंटरवर बरोबर न्या. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आम्ही नेहमी असंच करतो.

परत देण्याआधी पट्ट्या मोजून काढा. पुढच्या वाचकाने पुस्तक उघडलं आणि "इथे कंटाळा" अशी चिठ्ठी त्याच्या हातात आली, तर तो ते पान तुमच्या नजरेने वाचेल. काढलेल्या पट्ट्या एका पाकिटात घालून, वर पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती लिहून, गटाच्या वहीत त्या नोंदीच्या पानाला टाचून ठेवा. नंतर ज्याने ते पुस्तक वाचलं, त्याने आपल्या पट्ट्या लिहून झाल्यावरच पाकीट उघडायचं.